ओढा आणि सोडा : पडद्याने द्यावयाची साक्ष



संगणकाच्या पडद्यावरील एखादी फाइल माउसने धरावी, ओढत न्यावी आणि दुसऱ्या फोल्डरमध्ये सोडावी, ही क्रिया आज कार्यालयांत आणि शाळांत नित्याची झाली आहे. ती सोपी वाटते, याचे श्रेय त्या दोन-तीन क्षणांत पडदा आपल्याला जे सांगत असतो, त्याला आहे. कपाटात कागद ठेवताना हाताला कागद लागतो, खण उघडा आहे की बंद हे कळते. पडद्यावर हाताला केवळ माउसचे बटण लागते. स्पर्शाची ही उणीव डोळ्यांच्या द्वारे भरून काढावी लागते.

पूर्वपीठिका

डग्लस एंगेलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे माउसचे जाहीर प्रात्यक्षिक केले. १९८१ च्या झेरॉक्स 'स्टार' संगणकावर मात्र वस्तू निवडून, कळफलकावरील स्वतंत्र कळ दाबून, मग नवी जागा दाखवावी लागे. ॲपलच्या 'लिसा' (१९८३) आणि 'मॅकिंटॉश' (१९८४) या संगणकांनी ओढून सोडण्याची रीत सामान्य माणसापर्यंत नेली. १९८३ मध्येच बेन श्नायडरमन यांनी 'प्रत्यक्ष हाताळणी'ची तत्त्वे मांडली : वस्तू सतत दिसावी, परिणाम तत्काळ दिसावा आणि केलेली कृती मागे घेता यावी.

चार प्रश्न, चार उत्तरे

ओढताना माणसाच्या मनात चार प्रश्न असतात. वस्तू हाती आली काय? तिची फिकट प्रतिमा बाणाबरोबर सरकू लागली, की उत्तर मिळते. येथे सोडता येईल काय? योग्य फोल्डर उजळतो. अयोग्य जागी तिरपी रेघ मारलेले वर्तुळ दिसते. सोडल्यास काय होईल? विंडोज प्रणालीत त्याच ड्राइव्हवर ओढलेली फाइल स्थलांतरित होते, दुसऱ्या ड्राइव्हवर ओढल्यास तिची प्रत निघते. हात तोच, परिणाम निराळा. म्हणून प्रतीसाठी अधिक चिन्ह दाखविले जाते. शेवटी, काम झाले काय? वस्तू नव्या जागी दिसावी. जागा अयोग्य असल्यास ती सरकत मूळ जागी परतावी.

ही उत्तरे वेळेवर मिळाली पाहिजेत. सुमारे एक दशांश सेकंदाच्या आत पडदा बदलला, तर तो बदल आपल्याच हाताने घडला असे वाटते. विलंब झाला, की माणूस साशंक होतो आणि पुन्हा ओढू लागतो.

चिन्ह चुकल्यास काय होते, याचे उदाहरण मॅकिंटॉशनेच दिले. त्यात फ्लॉपी बाहेर काढण्यासाठी तिचे चित्र कचरापेटीत टाकण्याची रीत होती. मजकूरच पुसला जाईल, अशी धास्ती अनेकांना वाटे. पुढे मॅक ओएस एक्स प्रणालीत डिस्क ओढू लागताच कचरापेटीच्या जागी 'बाहेर काढा' ही खूण दिसू लागली. क्रिया तीच राहिली. भीती मात्र गेली.

सर्वांसाठी सोय

ज्यांचा हात कापतो, त्यांना बटण दाबून धरणे कठीण असते. म्हणूनच ५ ऑक्टोबर २०२३ रोजी प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय वेब सुगम्यता मार्गदर्शक तत्त्वांत, ओढण्याच्या क्रियेला साध्या क्लिकचा पर्याय असावा, असे सांगितले आहे. केवळ रंगावर विसंबू नये, हेही त्यांत आहे. कारण काहींना लाल-हिरवा भेद कळत नाही.

आपल्या कार्यालयासाठी वा शाळेसाठी नवी प्रणाली स्वीकारताना एक फाइल ओढून पाहावी, अर्ध्या वाटेत एस्केप कळ दाबावी आणि पडदा काय सांगतो ते तपासावे. नागरिकाचा अर्ज चुकीच्या फोल्डरमध्ये गेला, तर तो शोधण्याचे कष्ट अखेर माणसालाच पडतात. ते टाळणारी साक्ष पडद्याने दिलीच पाहिजे, असा आग्रह आपण धरावा.