पोलादी पिस्तूल निवडताना



परवा एका तरुण व्यापाऱ्याने विचारलं, "कर्नलसाहेब, लोखंडी बॉडीचं, दणदणीत नऊ एमएम घ्यायचंय. कुठलं घेऊ?"

मी नोकरीत इशापूरचं ९ एमएम वापरलं. ब्राउनिंग हाय-पॉवरवर बेतलेलं. फ्रेम पोलादी, मॅगझिनमध्ये १३ गोळ्या. पोलादाचं वजन धक्का खातं, म्हणून दुसऱ्या गोळीचा नेम लवकर बसतो. पण जवळजवळ किलोभर वजन दिवसभर कमरेला ओढतं, आणि इथल्या दमट पावसाळ्यात तेलपाणी चुकलं की गंज धरतो.

शिवाय ९ एमएम आपल्याकडे प्रतिबंधित बोअर. साध्या परवान्यावर पॉइंट ३२ मिळतं. तो हिरमुसला. "एवढ्याशानं काय होणार?"

मी विचारलं, "घरात लहान मुलं आहेत ना? मग पिस्तूल कुठे ठेवशील? सरावाला किती वेळा जाशील?"

तो गप्प झाला.

मंडळी, फौजेत ड्युटी संपली की पिस्तूल कोतमध्ये, म्हणजे शस्त्रागारात, मोजून जमा व्हायचं. तुमच्या घरी कोत नाही. आधी कुलपाची पक्की पेटी आणा, सरावाची सोय बघा. कॅलिबरचं मग बोलू.

जय हिंद!