आपल्या अक्षरांचे वळण
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त केलेले भाषण)



आपल्या स्मरणिकेची पहिली मुद्रिते गेल्या महिन्यात आमच्या हाती आली. शुद्धलेखन निर्दोष होते. तरीही चार पाने वाचताच डोळे शिणले. अक्षरांच्या रेषा एकसारख्या सपाट होत्या आणि ‘ल’ व ‘श’ हिंदी वळणाचे होते. दिल्लीतील छापखान्याचा यात काही दोष नाही. आम्हीच त्यास काही सांगितले नव्हते.

दीर्घ वाचनासाठी अक्षर कसे असावे, याचा धडा मुंबईने पूर्वीच घालून दिला आहे. बालपणी छापखान्यात खिळे घासण्याचे काम केलेल्या जावजी दादाजी यांनी 1864 साली स्वतःचा टाइपांचा कारखाना काढला आणि 1869 साली निर्णयसागर छापखाना सुरू केला. अक्षरांचे ठसे कोरले ते त्यांचे स्नेही राणोजी रावजी आरू यांनी. बोरूच्या तिरप्या टोकातून उतरणारी जाड-बारीक रेषा आणि अक्षराच्या पोटातील मोकळी जागा त्यांनी पोलादात साधली. त्यामुळे मूळ श्लोक आणि त्याखालील बारीक टाइपातील टीका वाचकाला एकाच पानावर सुखाने वाचता येई.

खिळ्यांचा काळ सरला. संगणकात मराठी ‘ल’ आणि हिंदी ‘ल’ यांचा संकेतांक एकच असतो. वळण ठरवितो तो फाँट. म्हणजे निवड आपल्याच हाती आहे. महाराष्ट्र शासनाने 6 नोव्हेंबर 2009 च्या निर्णयाने पाकळीचा ‘ल’ आणि मराठी वळणाचा ‘श’ मराठीसाठी प्रमाण मानले. निर्णयसागरी परंपरेतून घडविलेला ‘टिरो देवनागरी’ हा फाँटही मराठी, हिंदी व संस्कृत अशा तीन स्वतंत्र रूपांत विनामूल्य मिळतो.

हा आग्रह कशासाठी, असे कोणी विचारील. आमची कन्या दिल्लीत वाढली. ती आठ वर्षांची असताना आजीचे पत्र आले. दोन ओळी अडखळत वाचून तिने ते आमच्या हाती परत दिले. “बाबा, हे अक्षर कोणते?” तिचे बोट ‘ल’वर होते. उत्तर देण्यासाठी आम्ही पेन उचलले, तो आमच्याच हातून हिंदी ‘ल’ उमटला! कचेरीत वर्षानुवर्षे हिंदी टिपणे लिहिता लिहिता आमचाही हात वळला होता. हिंदीने आम्हांस अन्न दिले. तिच्याविषयी तक्रार नाही. परंतु त्या दिवशी आजी आणि नात यांच्यामध्ये एक अक्षर आडवे आले, हे आम्ही विसरू शकलो नाही.

म्हणून संपादक मंडळास विनंती, की ही स्मरणिका मराठी वळणाच्या, डोळ्यांस सुखकर अक्षरांत छापावी. आणि आपण सर्वांनी आपल्या मुलानातवंडांना महिन्याकाठी एक तरी पत्र स्वहस्ते लिहावे. पाकळीचा ‘ल’ त्यांना आपल्या हस्ताक्षरातून ओळखीचा झाला, म्हणजे आजीची पेटी उघडताना ती अडखळणार नाहीत.