माझं पिस्तूल आणि आईची किल्ली

(स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेलं भाषण)



‘सध्या काय नवीन?’ या विषयावर प्रत्येकाने दहा मिनिटं बोलायचं, असं संयोजकांनी सांगितलं. कुणी नवीन घराबद्दल बोललं, कुणी मुलांच्या ॲडमिशनबद्दल, कुणी गुडघ्याबद्दल. मी गेल्या वर्षी एक पिस्तूल घेतलं. मघाशी जेवताना हे सांगितलं, तेव्हा शेजारची मैत्रीण जिलबी हातात तशीच धरून म्हणाली, “अगं, कुणावर राग आहे तुझा?”

घाबरू नका. पिस्तूल हवेचं आहे, स्पर्धेचं. त्यात दारू नसते. दाबलेल्या हवेच्या जोरावर साडेचार मिलिमीटरचा शिशाचा छर्रा जातो आणि ‘फट्’ एवढाच आवाज होतो. खऱ्या रिव्हॉल्वरसाठी १९५९च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो. माझ्या पिस्तुलाला तो लागत नाही, तरी दुकानदाराने ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा घेऊनच ते दिलं. किंमत विचारू नका. एका स्कूटरइतकी आहे म्हणा.

आता हे खूळ आलं कुठून? आपण नगरची पोरं, आता अहिल्यानगरची. दुपारच्या तासाला के. के. रेंजवरून रणगाड्यांचा धडाम आवाज यायचा, खिडकीच्या काचा थरथरायच्या आणि बाई फळ्याकडे तोंड ठेवूनच म्हणायच्या, “लक्ष इकडे.” टँक म्युझियम नवं नवं होतं तेव्हा आपली सहल तिथेच गेली होती. एवढंच काय, विजापूरची ती प्रचंड मुलूख-ए-मैदान तोफसुद्धा १५४९ साली आपल्या नगरला ओतलेली आहे. त्यामुळे आवाजाची भीती आपल्याला तशी कमीच.

पण बंदुकीपर्यंत आपण मुली काही पोचलो नाही. एन.सी.सी. मुलांना होती. वर्षातून एकदा ती फायरिंगला जायची आणि परत आली की खिशात लपवून आणलेल्या पुंगळ्या दाखवत वर्गात मिरवायची. मी एकाकडून रिकामी पुंगळी मागून घेतली होती, दोन पेनांच्या बदल्यात. तो इथे बसलाय, लाजू नकोस. “मलाही यायचंय,” असं मी कवायतीच्या सरांना कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर सर काय म्हणाले असते कोण जाणे. पण मी विचारलंच नाही, ही गोष्ट माझी.

पुढे मुंबईच्या अंजली भागवत यांच्याविषयी वाचलं. त्या एन.सी.सी.मुळे नेमबाजीकडे वळल्या आणि २०००च्या सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोचल्या. मग तेजस्विनी सावंत २०१०मध्ये म्युनिकला जगज्जेत्या झाल्या आणि राही सरनोबत यांनी २०१८च्या आशियाई स्पर्धेत पिस्तुलाचं सुवर्ण आणलं. दोघी कोल्हापूरच्या, आणि एकाच शाळेच्या. कोल्हापूरच्याच स्वप्नील कुसाळे यांनी २०२४मध्ये पॅरिसला रायफलचं कांस्यपदक मिळवलं. त्याच पॅरिसमध्ये मनू भाकरने हवेच्या पिस्तुलाचं कांस्य जिंकलं, तेव्हा मी ऑफिसच्या लॅपटॉपवर एका कोपऱ्यात सामना लावून बसले होते.

पण खरं कारण वेगळं आहे. बाई, तुम्ही समोर आहात म्हणून खरंच सांगते. दोन-तीन वर्षांपूर्वी मी फार चिडकी झाले होते. आमच्या कामात रात्री-अपरात्री फोन वाजतो, कुठली तरी सिस्टीम बंद पडलेली असते. मी हाताखालच्या पोरांना तोडून बोलायला लागले. एकदा एका नव्या मुलीला सगळ्यांसमोर असा मेसेज लिहिला, की ती दोन दिवस कामावर आली नाही. मी माफी मागितली. तिने मानलीही. पण पाठवलेलं परत घेता येत नाही. तेव्हा घराजवळच्या एका छोट्या रेंजवर शिकवणी सुरू असल्याचं कळलं आणि मी जाऊन उभी राहिले.

आता खेळाचं थोडं सांगते. दहा मीटरवर कागद. त्यावरचं काळं वर्तुळ जेमतेम सहा सेंटिमीटरचं आणि दहा गुणांचं मधलं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. पिस्तूल एकाच हाताने धरायचं, दुसरा हात खिशात. सव्वा तासात साठ नेम.

जुन्या इंग्रजी सिनेमातला काउबॉय आठवा. त्याच्या कमरेला सिंगल ॲक्शन रिव्हॉल्वर असायचं, १८७३ सालच्या कोल्टच्या घाटाचं. त्यात प्रत्येक गोळीला अंगठ्याने घोडा मागे ओढावा लागतो. चाप फक्त घोडा सोडतो, म्हणजे एकच काम करतो, म्हणून ते सिंगल ॲक्शन. चापच घोडा मागे ओढतो आणि सोडतोही, ते डबल ॲक्शन. त्यात गोळ्या भराभर सुटतात, पण चाप जड लागतो. माझ्या पिस्तुलाचा स्वभाव त्या काउबॉयच्या रिव्हॉल्वरसारखा आहे, शिवाय त्यात सहा गोळ्यांचं चक्रही नाही. दर वेळी खटका उघडायचा, चिमटीने एक छर्रा बसवायचा, खटका मिटायचा, मग हात उचलायचा. घाई करायची सोयच नाही. दिवसभर एका बटणावर हजार गोष्टी पळवणाऱ्या बाईला याची किती मजा वाटते, ते सांगता येत नाही. लाकडी मूठ माझ्या पंजाप्रमाणे कानशीने घासून घेतली आहे. ती हातात बसली की शाळेत नवीन कंपासपेटी उघडताना व्हायचा तसा आनंद होतो.

शिकवणाऱ्या सरांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं, “हात हलणारच. सगळ्यांचाच हलतो.” मी वाट बघायचे की हात स्थिर होईल, आणि तो क्षण आला असं वाटलं की चाप खस्सकन ओढायचे. छर्रा हमखास खाली डावीकडे. नजर समोरच्या माशीवर ठेवायची, कागद धूसर दिसू द्यायचा, हात हलतोय हे मान्य करायचं आणि चाप हळूहळू दाबत न्यायचा. आणि सात-आठ सेकंदांत जमलं नाही तर? तर हात खाली घ्यायचा. श्वास घ्यायचा. पुन्हा उचलायचा. हात खाली घेतला म्हणून गुण कापत नाहीत. हे कळायला मला चार महिने लागले.

घरात आणताना मात्र खरी परीक्षा होती, ती आईची. माझ्या आजोबांची राहुरीकडे वस्ती होती. तेव्हा वस्त्यांवर दरोड्यांची भीती असायची, म्हणून आजोबांकडे परवान्याची बारा बोअरची बंदूक होती. १९८९च्या दिवाळीत माझ्या चुलतभावाने ती खुंटीवरून काढली. भरलेली आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. बार पत्र्यातून आरपार गेला. आई तीन हातांवर भाकरी थापत होती. तिला आठवडाभर एका कानाने ऐकू येत नव्हतं. आजोबांनी दुसऱ्याच दिवशी बंदूक पोलीस ठाण्यात जमा केली, ती परत आणली नाही. त्यानंतर आमच्या घरात टिकल्यांचं पिस्तूलसुद्धा आलं नाही.

ती आई आता माझ्याजवळ असते. पेटी टेबलावर ठेवली तेव्हा ती काही बोलली नाही. जेवली नाही, एवढंच. मी तिला काही पटवलं नाही. पेटीला कुलूप लावलं, किल्ली तिच्या हातात दिली आणि म्हटलं, “तू देशील तेव्हाच उघडेन.” पहिले तीन रविवार तिने दिली नाही. मी रेंजचं भाड्याचं पिस्तूल वापरलं. चौथ्या रविवारी देव्हाऱ्याच्या खणातून किल्ली काढून तिने पुढे केली. म्हणाली, “मी पण येते.”

ती मागे प्लॅस्टिकच्या खुर्चीवर कानावर हात ठेवून बसली. पहिल्या ‘फट्’ला दचकली. मग हळूच हात काढले. परत येताना गाडीत म्हणाली, “तू किती वेळा हात वर नेलास आणि न मारताच खाली आणलास. मी मोजत होते.” मी म्हटलं, “अगं, तेच तर शिकवतात.” ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “आमच्या त्या पोराला कुणी हे शिकवलं नव्हतं.”

किल्ली अजून तिच्याकडेच असते. मागायला मला आवडतं.

माझा आजवरचा सर्वांत चांगला स्कोअर सहाशेपैकी ५२१ आहे. राष्ट्रीय पातळीवरच्या मुली याला हसतील. पण ऑफिसात रागाने मेसेज टाइप केला की आता बोट बटणावर थांबतं. बऱ्याचदा मी तो पुसते. नेहमीच जमतं असं नाही, पण त्या नव्या मुलीने परवा स्वतःहून माझ्याच टीममध्ये राहायचं मागितलं.

जाता जाता एक विनंती. शाळेसाठी निधी जमतोय, त्यात माझाही वाटा आहे. त्यातून कधी एक छोटी हवेच्या पिस्तुलाची रेंज झाली, तर पहिल्या रांगेत मुलींना उभं करा. त्या विचारणार नाहीत. तुम्हीच बोलवा.

आणि दोन पेनांच्या बदल्यातली ती पुंगळी अजून माझ्याकडे आहे. पेनं परत हवी असतील तर चहाच्या वेळी भेट.