बार कुठे अडतो?

व्यायामशाळेत नव्या मुलाचं वजन पहिले काही महिने दर आठवड्याला वाढतं. मग ते अडतं. मुलं उतावीळ होतात, रोज नवा प्रकार करून बघतात आणि काही जण कंटाळून येणंच सोडतात. मी त्यांना एकच विचारतो, ‘बार नेमका कुठे अडतो?’

स्क्वॉटमध्ये तळातून उठता येत नसेल, तर वजन कमी करून खाली दोन सेकंद थांबावं. त्यात कमीपणा नाही. बेंच प्रेसमध्ये बार छातीवरून सुटतो, पण वर हात सरळ होत नाहीत? मग पकड थोडी जवळ घ्यावी. दंडाच्या मागच्या स्नायूंवर जास्त काम येतं. डेडलिफ्ट गुडघ्याशी अडत असेल, तर प्लेटांखाली ठोकळे ठेवून जरा वरूनच सुरुवात करावी.

असा एकच प्रकार निवडा आणि चार-सहा आठवडे टिकवा. मूळ व्यायाम मात्र सोडू नका, कारण निवड बरोबर की चूक, हे तोच सांगतो. दर आठवड्याला प्रकार बदललात, तर कशानं गुण आला, हे कळायचं कसं?