श्रद्धा आणि हिशेब



धर्माने समाजाला काय दिले, असे कोणी विचारले की मला गाडगे महाराज आठवतात. हाती खराटा, आणि आपल्या पाया कोणी पडू नये हा दंडक! लोकांनी विश्वासाने दिलेल्या पैशांतून त्यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे गोरगरिबांसाठी धर्मशाळा उभ्या केल्या.

पण धर्माच्या गादीवर बसणारा प्रत्येकजण असा नसतो. १८६० साली मुंबईत करसनदास मुळजींनी आपल्या पत्रातून वल्लभ संप्रदायातील महाराजांच्या, भक्त स्त्रियांशी चाललेल्या दुर्वर्तनावर लिहिले. एका महाराजांनी त्यांच्यावर अब्रूनुकसानीचा दावा लावला. डॉ. भाऊ दाजींनी कोर्टात निर्भीडपणे साक्ष दिली, आणि १८६२ साली करसनदास निर्दोष ठरले.

अशा प्रसंगी सोसावे लागते बायकांनाच, आणि गप्पही आपणच बसतो. ‘देवाच्या माणसाविषयी कसे बोलावे?’ म्हणतो.

भगिनींनो, दानधर्म जरूर करावा, पण पावती मागावी. कीर्तन-प्रवचनाला जरूर जावे. पण घरच्या लेकीसुनेने बुवांविषयी काही सांगितले, तर तिला दटावण्याआधी तिचे ऐकून घ्यावे. त्याने देव खचित कोपणार नाही.