माप आधी, कात्री मागाहून
(ट्रस्टच्या ज्येष्ठ नागरिक मेळाव्यात केलेले भाषण)



माप आधी, कात्री मागाहून, ही कापड व्यवसायाची शिस्त. आरोग्यविम्याचे माप मात्र आपण आजार दाराशी आल्यावर घेतो. माझे थोरले बंधू सत्तरी ओलांडून गेले होते; परंतु आधार कार्डावर त्यांचे वय तीन वर्षे कमी नोंदलेले. रुग्णालयात दाखल झाल्यावर हे उमगले आणि शस्त्रक्रियेचा सर्व खर्च घरातून करावा लागला. दोष आमच्याच गाफीलपणाचा.

२९ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने आयुष्मान भारत योजना सत्तर वर्षे व त्यापुढील सर्वांना खुली केली. उत्पन्नाची अट नसल्याने आपणा व्यापाऱ्यांनाही ती लागू आहे. ‘आयुष्मान वय वंदना कार्ड’ काढल्यावर सूचीबद्ध रुग्णालयांत दाखल होऊन वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार विनामूल्य होतात. घरात पती-पत्नी दोघेही सत्तरीपुढील असल्यास ही रक्कम दोघांत मिळून असते. जुन्या आजारांसाठी थांबावे लागत नाही. वय मात्र आधार कार्डावरूनच ठरते.

म्हणून पासष्टी ओलांडलेल्यांना माझी तीन कामांची विनंती आहे.

पहिले, आधार कार्डावरील नाव व जन्मतारीख आजच तपासावी, मोबाईल क्रमांक जोडावा. चूक असल्यास पुराव्यासह वेळीच दुरुस्ती करावी.

दुसरे, कार्ड मिळणार म्हणून चालू खाजगी विमा बंद करू नये. दोन्ही एकत्र चालतात. सत्तरीपर्यंतची वर्षे त्याच्याच आधाराने काढायची आहेत. नवा विमा घेणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे, की जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत प्रतीक्षा असू शकते. तेथे आजार लपवू नये. लपविलेली गोष्ट दाव्याच्या वेळी उघडी पडते.

तिसरे, आपल्या आजारावरील उपचार जिल्ह्यातील कोणत्या सूचीबद्ध रुग्णालयात होतात, हे १४५५५ या क्रमांकावर आधीच विचारून ठेवावे.

तरुणांनो, आजी-आजोबांजवळ एक तास बसून ही कागदपत्रे पाहा. ज्यांचा खर्च योजनेतून भागेल, त्यांच्यासाठी समाजाच्या वैद्यकीय मदतनिधीला हात लावावा लागणार नाही. तो सत्तरीच्या अलीकडील गरजू बांधवांच्या कामी येईल. वेळेवर तपासलेला एक कागदही साधर्मिक सेवाच आहे.

जय जिनेंद्र!