पाच जुलैचे भाषण



एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतही गावोगावी व्याख्यानमाला भरत. थोरोचा सविनय कायदेभंगावरचा निबंध गांधीजींमुळे आपल्या ओळखीचा झाला. तो मुळात १८४८ साली कॉन्कॉर्ड गावच्या व्याख्यानमालेत वाचला गेला होता. कर न भरल्याबद्दल थोरो एक रात्र कोठडीत राहिला, कोणीतरी परस्पर कर भरला आणि सकाळी तो सुटला. निबंध थोरच आहे. पण अमेरिकेतली देशभक्ती आणि विरोध यांचा विषय निघाला की आपण थोरोपाशीच मुक्काम ठोकतो, हे मला खटकते. आज मी बोलणार आहे फ्रेडरिक डग्लसविषयी. सरकारशी भांडायच्या आधी या माणसाला स्वतःच्या देहाची मालकी मिळवावी लागली होती.

मेरीलँडमध्ये गुलाम म्हणून जन्मलेला डग्लस १८३८ साली पळाला. १८४५ साली त्याने आत्मचरित्र छापले आणि त्यात मालकाचे नावगाव सगळे दिले. म्हणजे आपला पत्ता आपणच जाहीर केला! मग इंग्लंड-आयर्लंड गाठणे भागच होते. तिथल्या स्नेह्यांनी पैसे जमवून मालकाचे तोंड बंद केले, तेव्हा कुठे तो कायद्याने मोकळा झाला. परतल्यावर त्याने न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरला ‘नॉर्थ स्टार’ हे वर्तमानपत्र काढले.

या रॉचेस्टरमधल्या गुलामगिरीविरोधी महिला मंडळाने १८५२ साली त्याला स्वातंत्र्यदिनाच्या भाषणाला बोलावले. चार जुलैला रविवार होता, म्हणून सभा पाचला ठेवली. शिवाय न्यूयॉर्क राज्यातली बरीच कृष्णवर्णीय मंडळी पाचलाच सण साजरा करीत. त्या राज्यातली गुलामगिरी १८२७ साली चार जुलैलाच संपली होती. पण त्या दिवशी गोऱ्यांच्या मिरवणुकीत शिरण्यात सुरक्षितता नव्हती.

भाषणाची रचना पाहण्यासारखी आहे. सुरुवातीला डग्लस १७७६ च्या पुढाऱ्यांची मनापासून स्तुती करतो. श्रोते सुखावतात. त्यांच्या लक्षात येण्याआधीच तो बाजूला सरकलेला असतो: उत्सव तुमचा, माझा नाही, मग मला कशाला बोलावलेत? पुढे गुलामांचे बाजार, ताटातूट झालेल्या आया, आणि १८५० चा तो कायदा, ज्याने पळालेल्या गुलामाला पकडून देणे उत्तरेतल्या लोकांवरही बंधनकारक केले. चर्चलाही तो सोडत नाही. सणाच्या दिवशी यजमानांना इतके कडक बोल सुनावणारे दुसरे भाषण मला आठवत नाही.

आणि इथेच बहुतेक संकलनांची कात्री चालते. संतापाचा भाग तेवढा छापतात, शेवट गाळतात. माझ्या मते भाषणाचा खरा जीव शेवटातच आहे. डग्लसचा गुरू विल्यम लॉइड गॅरिसन म्हणे की अमेरिकेची राज्यघटना हाच मुळी गुलामांच्या मालकांशी केलेला सौदा आहे. १८५४ च्या चार जुलैला त्याने भर सभेत घटनेची प्रत जाळलीही. डग्लसही वर्षानुवर्षे त्याच मताचा होता. १८५१ साली त्याने ते जाहीरपणे सोडले आणि गुरुशिष्यांत फाटले. घटनेत ‘गुलाम’ हा शब्दच नाही, तेव्हा तिचा अर्थ मालकांच्या सोयीने का लावायचा, असा भाषणाच्या शेवटी त्याचा सवाल होता. हा अर्थ इतिहासाला धरून होता का? गॅरिसनची बाजू मला तिथे भक्कम वाटते. पण जाळलेल्या कागदाच्या आधारे हक्क मागता येत नाही, हे डग्लसला कळले होते. गंमत म्हणजे त्याने भाषणाचा शेवट केला तो गॅरिसनच्याच कवितेने.

याच गुलामगिरीविरोधी चळवळीचा धागा आपल्यापर्यंत येतो. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली, ती निग्रो गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. तेव्हा डग्लस हयात होता.

पुन्हा डग्लसकडे वळू. हक्क मागणे त्याने भाषणापुरते ठेवले नाही. अमेरिकेतल्या यादवी युद्धात त्याने कृष्णवर्णीय तरुणांची सैन्यभरती केली. लुईस आणि चार्ल्स ही आपली दोन मुलेही मॅसॅच्युसेट्सच्या ५४व्या पलटणीत धाडली. पगार गोऱ्यांइतकाच मिळेल असा शब्द दिला गेला होता. प्रत्यक्षात गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर, आणि कृष्णवर्णीय शिपायांना १०, त्यातलेही ३ कपड्यांपोटी कापलेले. ऑगस्ट १८६३ मध्ये डग्लसने भरतीचे काम थांबवले आणि थेट राष्ट्राध्यक्ष लिंकनची भेट घेतली. लिंकनने धीर धरायला सांगितले. पलटणीने पगार घेणेच नाकारले. मॅसॅच्युसेट्स राज्याने फरक आपल्या तिजोरीतून द्यायची तयारी दाखवली, तो फरकही पलटणीने नाकारला. रक्कम भरून निघेल, पण कमी लेखणे तसेच राहील, एवढेच त्यांचे म्हणणे होते. बिनपगारी ते लढत राहिले. समान पगाराचा कायदा काँग्रेसने जून १८६४ मध्ये केला.